टिकली विझेपर्यंत उठायचं नाही

१

टेलिव्हिजनची पेटी आमच्या गावात आली ती चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर, सरकारी जीपमध्ये, दोन गाद्यांच्या मधे निजून. नव्या सुनेलाही गावाने इतकं जपून उतरवून घेतलं नव्हतं. भाटघरच्या धरणाजवळचं गाव म्हणून आमच्याकडे वीज आधीपासून होती, आणि जिथून चित्र यायचं त्या सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या बाजूला डोंगर जरा उघडा होता. त्यामुळे आसपासच्या सात गावांत पेटी आम्हालाच मिळाली, आणि ती ग्रामपंचायतीच्या ऑफिसात ठेवली.

पेटीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे आली, त्याचं कारण सांगते. ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा यायचे. सरपंच गेनबांना बटणांची भीती वाटायची. जीपबरोबर आलेल्या इंजिनियरने लिहून दिलेल्या सूचना वाचता येणारी आणि संध्याकाळी गावात सापडणारी माणसं निघाली तीन, आणि त्यातली दोघं एकमेकांना किल्ली मिळू द्यायला तयार नव्हती. उरले मी. चंद्रा, बौद्धवस्तीतली, सातवी पास, बालवाडीची बाई. लग्न झालं होतं, पटलं नाही, आईकडे परत आले. त्याबद्दल गावाला जे बोलायचं होतं ते तोवर बोलून झालं होतं.

पेटी देखणी होती, खोटं कशाला बोलू. पॉलिश केलेलं लाकूड, खाली निमुळते चार पाय, पायांना पितळी टोप्या. पुढे लाकडी पट्ट्यांचं सरकतं शटर, त्याला कुलूप. शटर सरकवलं की उजवीकडे दोन मोठी बटणं. एक आवाजाचं, दुसरं केंद्र बदलायचं, आणि केंद्र तर एकच होतं, तरी जो तो ते फिरवून बघायचा. पाठीला भोकांचा पुठ्ठा, त्यातून गरम धुळीचा वास यायचा. आणि मधोमध काच. ती सपाट नव्हती, पुढे फुगलेली होती, कोपरे गोल. बंद असताना तिचा रंग साचलेल्या पाण्यासारखा करडा-हिरवा दिसायचा.

इंजिनियरने एक गोष्ट तीनदा बजावली होती. सेट बंद केल्यावर काच निवेपर्यंत शटर ओढायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं. बंद करताना चित्र चारी बाजूंनी आक्रसत जायचं आणि मधे एक पांढरा ठिपका उरायचा. गाव त्याला टिकली म्हणायला लागलं. पहिल्याच दिवशी माणसं उठायला लागली तशी पाटलांच्या अक्काबाईने सगळ्यांना दटावलं. "बसा खाली. जाणारा जाईस्तोवर पाठ फिरवू न्हाई." झालं, तो रिवाजच पडला. टिकली विझेपर्यंत कोणी उठायचं नाही. ती विझली की छताच्या बल्बच्या उजेडात सगळी खोली काचेत उमटायची, वाकडी आणि बारीक, आणि लोक आपापली तोंडं शोधून हसायचे.

२

बसायची रीत कोणी ठरवली नव्हती, आणि तरी ती पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. पुढे जाजमावर गेनबा आणि मोठी माणसं, डावीकडे बायका, मागे पोरंसोरं. आमच्या वस्तीतले दाराशी आणि बाहेर ओट्यावर, खिडकीच्या गजांना धरून. कोणी अडवत नव्हतं. अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मी पेटीच्या बाजूला स्टुलावर बसायचे, कारण किल्ली माझ्या कमरेला होती. माझी आई ठकुबाई मात्र खिडकीशी उभी राहायची. साठी उलटलेली बाई, गुडघे सुजलेले. या ऑफिसचं अंगण तिने वीस वर्षं झाडलं होतं, पण उंबरा कधी ओलांडला नव्हता.

"आये, आत ये," मी रोज म्हणायचे.

"मला हितनं समदं दिसतंय."

"दिसतंय, पण हुबी किती ऱ्हाशील?"

"सवय हाय."

या 'सवय हाय'चा मला भारी राग होता. मार्गशीर्षातल्या एका गार संध्याकाळी मी बाहेर गेले, तिचा हात धरला आणि तिला सरळ पहिल्या ओळीत अक्काबाईच्या शेजारी आणून बसवलं. अक्काबाई जरा घुटमळली, मग पदर सावरून चार बोटं सरकली. तेवढं पुष्कळ होतं. त्या दिवशी बी-बियाणांबद्दल काहीतरी दाखवत होते. मी आईकडेच बघत होते. ती तोंडावर पदर धरून बसली होती, पण डोळे चमकत होते. मला इतका आनंद झाला की सेट बंद करायला मी दोन मिनिटं उशीर केला.

टिकली विझली. पाच मिनिटांनी मी शटर ओढायला पुढे आले आणि सहज काचेत नजर गेली. पहिली ओळ दिसत होती. अक्काबाई, मग रिकामं जाजम, मग गेनबा.

मी वळून बघितलं. आई जागेवर होती, गुडघा चोळत.

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आमच्या वस्तीने छप्पन साली देव्हारे रिकामे केले ते परत भरायला नव्हे. म्हणून मी आधी डोकं चालवलं. काच फुगीर आहे, फुगीर काचेत कडेची माणसं पसरतात, एखादं माणूस दुसऱ्यात मिसळून जात असेल. आईचं लुगडं गडद, जाजमही गडद. बल्ब चाळीसचा.

दुसऱ्या दिवशी आईला मी पांढऱ्या धोतराच्या गेनबांच्या पलीकडे बसवलं. काचेत गेनबांच्या पलीकडे रिकामं जाजम होतं. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात पितळी तांब्या दिला. तांब्या तेवढा दिसला, जाजमापासून वीतभर वर, अधांतरी. मी पुढे झाले आणि माझ्याच अंगाने काच झाकली, इतरांना दिसू नये म्हणून. माझं प्रतिबिंब काचेत अगदी नीट पडलं. किल्लीवाली म्हणून मी उभी होते तोवर काचेची माझ्याबद्दल तक्रार नव्हती.

अक्काबाईला ते दिसलं होतं. जाताना ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "चंद्रे, तुझी आई खिडकीपाशीच बरी दिसायची." बोलण्यात खोच नव्हती. काळजीच होती. म्हणून मला जास्त झोंबलं.

"आता हितं बसल्यावर बी बरीच दिसतीया," मी म्हटलं.

"तुला दिसती ना? मग झालं," अक्काबाई म्हणाली आणि कंदील घेऊन गेली.

४

त्याच आठवड्यात गुडघ्यांसाठी आईला घेऊन भोरला गेले. एसटीत कंडक्टरला म्हटलं, दोन भोर. त्याने एकच तिकीट फाडून दिलं.

"दोन," मी म्हटलं.

"दुसरं कुणाचं?"

"ही काय बसलीया."

त्याने आईकडे बघितलं, म्हणजे ती बसली होती त्या बाजूला बघितलं, आणि "बरं बरं" म्हणत दुसरं फाडलं. बाकावर तीन जणांची जागा होती. वाटेत एक बाई चढली आणि सरळ आईच्या मांडीवर बसायला लागली. आई हळूच कोपऱ्यात सरकली.

डॉक्टरांकडे चिठ्ठी मिळाली एकोणीस नंबरची. कंपाउंडरने सतरा म्हटलं, अठरा म्हटलं, वीस म्हटलं. मी उठून भांडले. त्याने कपाळाला हात लावला, चूक झाली म्हणाला, आत पाठवलं. डॉक्टरांनी गुडघ्याचं सगळं मला विचारलं, गोळ्याही मला समजावून सांगितल्या, आणि आई आत असतानाच "पुढचा पेशंट" म्हणून आवाज दिला.

परतताना आई म्हणाली, "आगं, आसं व्हायाचंच. आपल्याला कोण लगीच हाक मारतंय."

तिथेच माझं डोकं अडलं. हे नवीन होतं की जुनंच होतं, ते मला ठरवता येईना. आई आयुष्यभर लोकांच्या नजरेतून अशीच निसटत आली होती. भोरहून गावापर्यंत मी त्या एसटीत बसून तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

५

पौषात चित्र लोळायला लागलं, खालून वर, सारखं. भोरच्या एसटी स्टँडजवळ कुंडलिकचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्याला दुपारी बोलावून घेतलं. त्याने पाठीचा पुठ्ठा काढला आणि मला आतलं दाखवलं. काचेचं पोट मागे निमुळतं होत जाऊन बोटाएवढं उरलेलं, त्याच्याभोवती तांब्याची तार, बाजूला दिव्यासारख्या नळ्या, आणि सगळ्यावर मऊ काळी धूळ.

"ह्या काचंत काय आसतं?" मी विचारलं.

"काय न्हाई. हवा सुदिक न्हाई. समदी उपसून काढलेली. म्हणून तर जपायचं. फुटली तर भाएर न्हाई फुटत, आत वढून घेती."

मी त्याला जाजमावर बसवलं आणि काचेत बघायला सांगितलं. तो दिसला, टोपीसकट. मग मी आईला हाक मारून त्याच्या शेजारी बसवलं. कुंडलिक हसत होता तो थांबला. काचेकडे बघितलं, शेजारी बघितलं, पुन्हा काचेकडे. मग उठून स्क्रू आवळायला लागला.

"कुंडलिक, काय झालं ते सांग की."

"बाई, म्या रेडिओवाला. म्हातारीला जरा खिडकीशी हुबं करून बगा."

आई बाहेर जाऊन नेहमीच्या जागी गजांना धरून उभी राहिली. मी काचेत बघितलं. खिडकी टपालाच्या तिकिटाएवढी दिसत होती आणि तिच्यात माझ्या आईचा चेहरा होता. नाकातली चमकी दिसावी इतका स्वच्छ.

"बगा," कुंडलिक म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. "तितं ठिवा त्यास्नी. काय बिघडत न्हाई मग."

त्या दुपारी पेटी फोडावी असं मला मनापासून वाटलं. कोपऱ्यात टिकाव होता. पण आत वढून घेती, हे त्याचं वाक्य कानात होतं, आणि आई समोरच्या गजांपलीकडून आत बघत होती.

६

हट्टाने मी तिला रोज पहिल्या ओळीत बसवत राहिले. गाव हळूहळू समजूतदारपणे बोलायला लागलं. गेनबा म्हणाले, "चंद्रा, आमची काय बी हरकत न्हाई. पण म्हातारीच्या भल्यासाटी सांगतो." आमच्या वस्तीतली फुलाबाई, आईची बालमैत्रीण, ती म्हणाली, "ओट्यावं काय वाईट हाय? समद्या हाओत की तितं." सगळे इतक्या मायेने सांगत होते की कोणावर ओरडावं तेच कळत नव्हतं. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. काच चुकतीया, आई न्हाई.

मग ती संध्याकाळ आली. शटरला कुलूप लावलं, घरी आले, चूल पेटवली, भाकरी थापली. कोरड्यास गरम केलं. ताट घेतलं, जेवले, ताट धुतलं, चूल विझवली. अंथरूण घालताना कोपऱ्यात कोणीतरी खोकलं.

मी दचकून ओरडले, "कोण हाय?"

"म्या हाय," आई म्हणाली.

एकच भाकरी केली होती मी. एकच ताट. तास दीड तास त्या आठ हातांच्या खोलीत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं की मला आई आहे. ती भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि मला जेवताना बघत होती.

"आये, हाक का न्हाई मारलीस?"

"मारली. दोनदा."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत "मला भूकच न्हवती" असं काहीबाही सांगत राहिली, आणि त्याने मला आणखी रडू आलं. मग चूल पुन्हा पेटवली, तिला भाकरी करून घातली आणि ती शेवटचा घास गिळेपर्यंत तिच्यावरून नजर काढली नाही. डोळ्याची पापणी लवायचीही भीती वाटत होती.

सकाळी मी हार मानली. स्पष्ट सांगते, मानली. म्हटलं, "आये, आजपासनं तू खिडकीशीच हुबी ऱ्हा."

आई दात घासत होती. चूळ भरली आणि म्हणाली, "न्हाई."

"आगं, तुझ्याच भल्यासाटी..."

"ही बी त्यांचंच बोलाया लागली. साठ वरसं म्या भाएर हुते, तवा कुणाला दिसत हुते ग? त्या काचंला दिसत आसंन. कंडक्टरला तवा बी दिसत न्हवते. आता बुडाखाली जाजम आलंय, गुडघं शेकत्यात, अक्काबाई सुपारी देती. ते समदं सोडून म्या थंडीत जाऊ? म्या न्हाई उठायची."

"आन् म्या तुला इसरले तर? कायमची?"

आईने तोंड पुसलं. "तर तू बी ये जाजमाव. तितं वर स्टुलाव काय बसतीस, पोलीस पाटलावानी?"

७

त्या संध्याकाळी मी सेट चालू केला, स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि आईच्या शेजारी पहिल्या ओळीत बसले. थंडी फार होती म्हणून दार लोटून कडी घातलेली. फुलाबाई आणि ओट्यावरच्या सगळ्यांना मी आधीच आत घेतलं होतं, दाराच्या आतल्या बाजूला. बाहेर कोणी नव्हतं. मी स्वतः बघून आले होते.

कार्यक्रम काय होता ते आठवत नाही. मी उठून बटण फिरवलं आणि परत येऊन बसले. चित्र आक्रसलं, टिकली उरली. खोलीत कोणी हललं नाही. ती बारीक होत होत विझली, आणि काचेत खोली उमटली.

अक्काबाई, मग दोन माणसांपुरतं रिकामं जाजम, मग गेनबा. मागे दाराशी भिंत नुसती, फुलाबाई नाही, कोणी नाही.

आणि खिडकीत गर्दी होती. टिचभर चौकटीत सगळी वस्ती गजांना धरून आत बघत होती. पुढे माझी आई आणि तिच्या खांद्याला लागून मी. माझा चेहरा शांत होता. असा समजूतदार चेहरा मी कधी केलेला नाही. हितनं समदं दिसतंय, असं म्हणणाऱ्या बाईचा तो चेहरा होता, आणि तो मला बघवेना.

मागे वळून मी खऱ्या खिडकीकडे बघितलं नाही. धीर झाला नाही. आईचा हात हातात घेतला. तो गार होता आणि त्याचं वजन लागत नव्हतं. बालवाडीत मी रोज सकाळी जे करते तेच मला सुचलं. मी हजेरी घ्यायला लागले.

"फुलाबाई."

"हाय," मागून फुलाबाई म्हणाली.

एकेक नाव घेत गेले. प्रत्येकजण हाय म्हणत गेला. प्रत्येक नावागणिक माझी भीती कमी होऊन राग वाढत होता, आणि मला तो राग हवाच होता.

"ठकुबाई."

"हाय," माझ्या शेजारून आई म्हणाली. मोठ्याने, त्या खोलीत ती कधीच बोलली नव्हती इतक्या मोठ्याने.

"हाय," खिडकीबाहेरून आई म्हणाली.

अक्काबाईने माझा दंड धरला. गेनबा पुटपुटले, "चंद्रा, शटर वड. पाया पडतो तुझ्या, शटर वड."

किल्ली माझ्या मुठीत होती. काच निवली होती, पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. एक पाऊल पुढे टाकून पट्ट्या ओढल्या असत्या तर उद्यापासून सगळं सुरळीत झालं असतं. वस्ती ओट्यावर, आई खिडकीशी, मी स्टुलावर.

"चंद्रा," मी माझंच नाव घेतलं. "हाय."

बाहेरून माझ्या आवाजात उत्तर आलं. हळू, अदबीने.

आईने मान वळवली. खोलीतली ती एकटीच, जिने सरळ खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. तिच्या हाताचं वजन मला पुन्हा लागायला लागलं.

"लई गारठल्यात त्या," ती म्हणाली. "भाएर कशापायी हुब्या हाईत? आत बोलीव."

"आये..."

"बोलीव म्हणते ना."

मी काचेत बघितलं. खिडकीतले सगळे चेहरे आता माझ्याकडे वळले होते. मी म्हटलं, "आत या."

चौकट एकदम रिकामी झाली. ओट्यावर अनवाणी पावलं वाजली, खूप, दाराच्या दिशेने. गेनबांनी डोळे मिटले. कोणी उठलं नाही. आईने जाजमावर सरकून दोघींपुरती जागा केली, आणि कडी वाजली.